सप्तमीची गोळी

देवदत्तगुरुजींचा तेरावा होऊन गेला तरी कालिंदीबाईंचं एकच चाललं होतं. "सप्तमीला सकाळची गुलाबी गोळी द्यायची राहिली माझ्याकडून. एक दिवस चुकले, आणि नवमीला गेले ते."

इरावती त्यांची लेक. वडिलांची दर्भाची टोपली आवरताना तिला एक कागदाची पुडी सापडली होती. आत सात गुलाबी गोळ्या.

देवदत्तगुरुजी बनारसच्या रामघाटावर श्राद्धं चालवत. आषाढात त्यांच्या हृदयाच्या धमनीत स्टेंटची जाळी बसली, आणि रक्त गोठू नये म्हणून रोजच्या दोन गोळ्या सुरू झाल्या. दोन्ही गोळ्या वर्षभर चुकवायच्या नाहीत, नाहीतर रक्तातल्या प्लेटलेट्स त्या जाळीवर जमून गुठळी होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पितृपक्षाच्या प्रतिपदेला बोटात घालायचं दर्भाचं पवित्रक वळताना त्यांचं बोट कापलं. रक्त थांबेना. थेंब यजमानाच्या पिंडावर पडला. भात नव्याने शिजवून सगळा विधी पहिल्यापासून करावा लागला. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी लेकीला विचारलं, "असं का गं झालं?"

इरावतीने सगळं वाचून ठेवलेलं होतं. "प्लेटलेट्स एकमेकींना धरतात म्हणून रक्त थांबतं, बाबा. या गोळ्या त्यांना धरू देत नाहीत. थांबत नाही म्हणजे गोळ्या काम करताहेत."

"दोन्हींतली जास्त जोराची कुठली?"

"गुलाबी."

"वा! लायब्ररीतली नोकरी सार्थकी लागली तुझी," ते हसून म्हणाले होते.

आता आईची टोचणी काढायची, तर हे सगळंच सांगावं लागणार होतं. प्रतिपदेनंतर गुलाबी गोळी गिळलीच नाही ही वडिलांची लबाडी, आणि त्यांना गोळी दाखवून देणारी आपण. इरावतीने पुडी आईसमोर उघडली आणि काहीही न गाळता सांगितलं.

कालिंदीबाईंनी एकेक करून सातही गोळ्या मोजल्या.

"रोज माझ्यासमोर तोंडात टाकायचे. वर पाणी प्यायचे. गालात ठेवत असतील?"

"असतील."

"पक्के बनारसी ठग! मला धोका दिला? मला?"

"आई, मी त्यांना सांगितलं नसतं तर..."

"त्यांनी विचारलं, तू सांगितलंस. पंधरा दिवस पितरांसाठी बंद ठेवतो म्हणून मला एकदा बोलले असते, तर हात धरून भरवली असती मी."

आणि इतक्या दिवसांत डोळ्यांतून टिपूस न काढलेली आई रडली, ती रागाने, मोठ्यांदा, नवऱ्याला एकेरीत हाका मारत. इरावती तिच्याजवळ बसून राहिली. तिने तिला थांबवलं नाही.