बनुबाईच्या बोळक्यातले अकरा किडे

त्र्याहत्तरचा उन्हाळा. केडगावच्या देवळामागं चिंचेखाली ही झुंबड उडाली होती. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या बाया चुली पेटवायच्या सोडून गाल धरून रांगेत बसल्या होत्या. प्यायचं पाणी टँकरचं, तेही भांडून मिळायचं, आणि इथं दाढेतली कीड काढणारा कारभारीबुवा प्रत्येकीच्या लाळेसाठी परातभर पाणी मागत होता. बनुबाई सुनेजवळ बसून ते बघत होती.

बुवाचं काम मात्र झोकात चाललं होतं. परातीत पाणी, पाण्यात दगड, दगडावर तापून लाल झालेलं खापर. त्यावर तो तेलात कालवलेलं कसलंसं बी टाकायचा, बाईच्या डोक्यावरून घोंगडी घालायचा आणि किडीला दटावायचा, "निघ भवाने. बत्तीस घरांची मालकीन झालीस व्हय? भाडं न्हाई, पावती न्हाई. निघ म्हनतो, नवनाथांची आन हाय." बाईनं धूर तोंडात घ्यायचा, लाळ परातीत गाळायची. घोंगडी काढली की पाण्यात पांढरे, वाकडे किडे तरंगत असायचे.

बनुबाईची सून चांगुणा रांगेत तिसरी होती. आठ दिवसांपूर्वी नगरच्या डॉक्टर दानीएलनी तिची किडलेली दाढ कोरून साफ केली होती आणि लवंगेच्या वासाचा तात्पुरता मसाला भरला होता. उद्या जाऊन पक्की चांदी भरून घ्यायची होती. पण काल बुवानं तिला सांगितलं, "डाक्टरनं कीड आत कोंडली. आता ती मेंदूत चढंल. आधी मसाला उकर, मंग माझ्याकडं ये." चांगुणा पदराला गोधडीची सुई टोचून आली होती.

"उकरलास तर दाढ जाईल," बनुबाई म्हणाली. "भरून घेतली तर म्हातारपनापत्तोर टिकंल, डाक्टर बोललाय."

"आन मेंदूत चढली मंजी, आत्याबाई?" चांगुणा रडकुंडीला आली होती. बोटं सुईवरच होती.

विशीपासून बनुबाईनं असले चार बुवा केले होते. दर वेळी परातीत किडे निघाले आणि दर वेळी वर्षाच्या आत दाढ गेली. आता तोंडाचं नुसतं बोळकं. ती परात आठवून तिला बुवापेक्षा स्वतःचीच किळस आली. ती उठली, पदर नाकापर्यंत ओढून घेतला आणि रांग मोडून बुवापुढं जाऊन बसली.

"कुठली दाढ, म्हातारे?"

"तुमीच वळखा," ती पदराआडून पुटपुटली.

बुवानं पदरावरूनच गाल चाचपला. "खालची उजवी. पार पोखरलीय." तोंड उघड म्हणाला नाही. रांग लागल्यापासून त्यानं एकाही बाईचं तोंड उघडून बघितलं नव्हतं.

घोंगडी पडली, धूर झाला. अकरा किडे निघाले. "एका दाढंत अकरा," बुवा लोकांकडं वळून म्हणाला.

बनुबाईनं पदर खाली केला आणि आ वासला. गुळगुळीत हिरड्या, खाली-वर एक दात नाही. "धा वर्सं झाली शेवटची दाढ पडून. कुठल्या दाढंतनं काढलेस रं?"

"कवा कवा हिरड्यातबी ऱ्हात्यात," बुवा म्हणाला. आणि रांगेतल्या राहीबाईनं चक्क मान डोलवली, "असंल बाई." त्या मान डोलावण्याची बनुबाईला शिसारी आली. तिनं ती घाण मातीत ओतली, परातीत तांब्यातलं स्वच्छ पाणी घेतलं, विस्तवातलं दुसरं लाल खापर चिमट्यानं उचलून दगडावर ठेवलं आणि बुवाच्या पुरचुंडीतलं चिमूटभर बी त्यावर टाकलं. बुवा अडवायला धावला तर चांगुणा मधे उभी राहिली.

बी तडतडलं. वर घोंगडी नव्हती, कुणाचं तोंड नव्हतं. तरी पाण्यात किडे तरंगायला लागले.

"भुईरिंगणीचं बी हाय हे," बनुबाई म्हणाली. "बांधावर काटे टोचून घेत आपुनच उपटतो की. तापलं की फुटतं आन आतला कोंब पान्यात उडतो. त्योच ह्याचा किडा."

बुवा पुरचुंडी गोळा करू लागला. त्याच्याकडं ढुंकूनही न बघता ती रांगेकडं वळली.

"डाक्टरनं आरसा घालून हिच्या तोंडात बघितलं, मंग हात लावला. ह्यानं एकीचंबी तोंड बघितलं न्हाई. बायांनो, इचारा तरी, कीड कुठं हाय, दाखीव म्हनावं. मी चार डाव इचारलं न्हाई. बघा काय झालं."

तिनं पुन्हा तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. चांगुणा वाकून बराच वेळ आत बघत राहिली. मग तिनं पदराची सुई काढून सासूच्या हातात दिली.

"सकाळीच नगरला जाऊ, आत्याबाई," ती म्हणाली. "तुमीबी चला."