डावीकडची मूठ

निमाईबाबूंनी दुकानातल्या काचेच्या फळीवर मासेमारीची दोन रिळं शेजारी शेजारी ठेवली आणि चष्मा कपाळावर सरकवला. दोन्ही काळी, मुठीत मावतील एवढी. एक दुसऱ्याचं आरशातलं रूप वाटावं अशी. एकाची फिरवायची मूठ उजव्या अंगाला, दुसऱ्याची डाव्या. चारुदत्तांनी हात पुढे केला, पण रिळाला लावण्याआधीच मागे घेतला आणि कोटाच्या खिशात घातला. श्यामकांतांचं पत्र तिथेच होतं. ऑगस्टच्या अखेरीस आलेलं, घडीवर विरत चाललेलं. आज डिसेंबरची बारा तारीख होती आणि त्याला त्यांनी अजून उत्तर दिलं नव्हतं.

लिहायला घेतलं नव्हतं असं नाही. अकरा वेळा घेतलं होतं. पहिली तीन उत्तरं 'तुझ्या प्रकृतीविषयी कळून' इथपर्यंत येऊन थांबली, कारण त्यापुढचं कुठलंही वाक्य समाचाराला आलेल्या शेजाऱ्याच्या तोंडचं वाटे. उरलेली आठ रिळापाशी अडली.

श्यामकांतांचं अक्षर एके काळी सरकारी टिपणीतही उठून दिसायचं. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन ते सहा वर्षं इथे कलकत्त्यात होते, तेव्हाची मैत्री. आता निवृत्त होऊन सांगलीला. या पत्रातल्या ओळी मात्र उजवीकडे जाता जाता खाली घसरत होत्या.

'प्रिय चारू, हे डाव्या हाताने लिहितो आहे. उजवी बाजू एप्रिलपासून गेली. जीभही जड झाली आहे, तेव्हा फोन करू नकोस. मीनाक्षीला दुभाष्याचं काम पडतं आणि ती पदरचं घालते. आमच्या सलीलला फोर्ट विल्यममध्ये घर मिळालं आहे. आई-बाबा, जानेवारीत महिनाभर या, म्हणतो. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुझं उत्तर आलं की सांगेन. एक काम कर. आपल्या निमाईकडून रीळ घे, अंगठ्याने दोरा दाबून फेकायचं असतं ना, तसलंच. मूठ डावीकडची. फेकायचं मी बघतो, डावा अंगठा शाबूत आहे. बजबजच्या तळ्यावर एकच जागा घेऊ. तू तुझ्या नेहमीच्या जागेवर बस. पुस्तक आणशीलच, पण जरा पातळसं आण.'

'डावीकडची' या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

चारुदत्तांची चाळीस वर्षं ग्रंथालयात गेली होती. कोणी काही विचारलं की आधी पुस्तक उघडायचं ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. गळाच्या मासेमारीवरची तीन पुस्तकं त्यांनी मिळवली, शंभर पानी वहीत टिपणं काढली. तिन्ही पुस्तकांचं एका गोष्टीवर एकमत होतं: काठी ज्या हातात, मूठ त्याच्या विरुद्ध बाजूला. काठी डाव्या हातात असेल तर मूठ उजवीकडे हवी. आणि श्यामकांतांकडे तर आता डावाच हात होता. मग डावीकडची मूठ कशाला? रिळातलं सगळं कळणारा माणूस असं कसं लिहील? एक तर त्यांच्या हातून चूक झाली होती, नाहीतर उजव्या बाजूबरोबर डावं-उजवं ओळखण्याची जाणीवही गेली होती. साध्या रिळाची मूठ काढून दुसऱ्या बाजूला बसवता येते. या जातीची येत नाही. हे वाक्य त्यांनी वहीत दोनदा उतरवून घेतलं होतं.

सांगितलं तसं घ्यावं, तर तळ्यावर चार लोकांसमोर श्यामकांतांना स्वतःची चूक कळणार. न घ्यावं, तर विचारावं लागणार, 'नक्की डावीकडचीच ना?' दोन रेघा मारणाऱ्या माणसाला हा प्रश्न लिहिणं चारुदत्तांना जमेना. त्यांनी रीळही घेतलं नाही आणि प्रश्नही विचारला नाही. दुर्गापूजा झाली, दिवाळी झाली. महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिकाची प्रुफं त्यांनी दोनदा तपासून दिली. पत्र तसंच राहिलं.

आज सकाळी घरी त्यांच्या पत्नी रजनीताई मटार सोलत होत्या. ताटातली शेंग उचलता उचलता त्या म्हणाल्या,

"मीनाक्षीवहिनींचा मेसेज आलाय. सलील पुढच्या शनिवारी तिकिटं काढतोय. तोवर बाबांनी हो म्हटलं नाही तर बेत रद्द, म्हणाला. भावजी काही बोलत नाहीत. पोस्टमन येऊन गेला का, एवढंच रोज विचारतात."

चारुदत्तांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली.

"मी कळवू का? या म्हणून?"

"नको. त्याने पत्र मागितलंय."

"चार महिने मागताहेत ते. तुमच्या ग्रंथालयातसुद्धा एवढ्या वेळात पुस्तक सापडायचं."

रजनीताईंनी दोन शेंगा आणखी सोलल्या आणि वर न बघता विचारलं,

"कशाला भिताय, ते तरी सांगा."

चारुदत्त कोट घालून बाहेर पडले होते.

सियालदह स्टेशनच्या मागच्या गल्लीतलं हे दुकान त्यांना सापडेल की नाही याचीही त्यांना खात्री नव्हती. पण छताला उलट्या टांगलेल्या जाळ्या लांबून दिसल्या, आणि निमाईबाबूंनी तर त्यांना लगेच ओळखलं. वीस वर्षांत निमाईबाबूंची दाढी पांढरी झाली होती, एवढंच.

"आप किताबवाले दादा ना? और वो हँसनेवाले साहब?"

चारुदत्तांनी थोडक्यात सांगितलं. निमाईबाबू चुकचुकले. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते हसले. साहेबांची पहिली काठी रिळासकट तळ्यात गेली होती ना, दुसऱ्याच दिवशी साहेब नवी घ्यायला आले होते. एवढं हसत होते की किंमत करायची राहूनच गेली.

"आप ही के हाथ से गया था ना, दादा?"

"हो," चारुदत्त मराठीतच म्हणाले आणि रिळांकडे बघू लागले.

त्या दिवशी श्यामकांत थर्मासमध्ये चहा भरून आणायला बांधावर गेले होते. जाताना म्हणाले, दोन मिनिटं धर. चारुदत्तांच्या एका हातात पुस्तक होतं, बोट पानात. दुसऱ्या हातात काठी. पाण्यावरची कांडी बुडाली ती त्यांना दिसलीच नाही. काठीला हिसका बसला आणि त्यांची बोटं उघडली. मासा किती मोठा होता ते कोणालाच कळलं नाही. काठी पाण्यावर बांधलेल्या मचाणाच्या कडेवरून घसरली, क्षणभर पाण्यात उभी राहिल्यासारखी दिसली आणि तळ्याच्या मधोमध निघून गेली. पुस्तक तेवढं हातात राहिलं. सगळ्या मचाणांवरचे लोक हसले, श्यामकांत सर्वांत जास्त. परतीच्या गाडीत रिकाम्या हाताने शेजारी बसून त्यांनी विचारलं होतं, पुस्तकात पुढे काय झालं. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. काठीही पुन्हा कधी चारुदत्तांच्या हाती दिली नाही.

निमाईबाबूंनी पत्रातली गोष्ट दुसऱ्यांदा विचारून घेतली. एकच हात? डावा? आणि साहेबांनी डावीकडची मूठ मागितली? चारुदत्तांनी मान हलवली आणि घाईघाईने आपली शंका सांगितली. वहीही काढली. निमाईबाबूंनी वहीकडे पाहिलं नाही. आडव्या मांडलेल्या काठ्यांतून एक आखूड काठी घेऊन त्यांनी तिच्यावर उजवीकडच्या मुठीचं रीळ चढवलं, दोरा ओवला आणि टोकाला शिशाचा गोळा बांधला.

"दाहिना हाथ जेब में रखिए."

चारुदत्तांनी उजवा हात कोटाच्या खिशात घातला. बोटांना पत्र लागलं. डाव्या हातात काठी आली. निमाईबाबू शिशाचा गोळा घेऊन दुकानाच्या आतल्या टोकाला गेले आणि त्यांनी दोरा ताणून धरला.

"अब घुमाइए."

फिरवायला हातच नव्हता. चारुदत्त काठी धरून नुसते उभे राहिले. वहीत हे नव्हतं. वहीतल्या माणसाला दोन हात होते.

निमाईबाबूंनी रीळ बदललं. आता मूठ डावीकडे. मूठ धरावी तर काठी सुटत होती. चारुदत्तांनी ती काखेत दाबली. दुसऱ्या फेऱ्यालाच टोक फिरून छताच्या जाळ्यांत अडकलं. मांडीवर टेकवून पाहिली. पलीकडून निमाईबाबूंनी जरा ओढताच ती गर्रकन वळली आणि मूठ हातातून निसटली. म्हणजे दोन्ही चूक. म्हणजे श्यामकांतांना आता कुठलंच रीळ चालणार नव्हतं, आणि हे त्यांना कळवायचं काम आपल्याकडे आलं होतं. काठी रोवायची बैठक असते ना, त्यांनी विचारलं. असते, निमाईबाबू म्हणाले, पण दहा किलोचा कटला मासा लागला की बैठकसुद्धा पोहायला जाते.

त्यांनी गोळा एका खिळ्याला अडकवला आणि ते चारुदत्तांकडे आले. समोर नाही, शेजारी. उजव्या बाजूला, खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हातांनी काठी घट्ट धरली.

"अब."

चारुदत्तांनी डाव्या हाताने मूठ फिरवली. रीळ कुरकुर न करता फिरलं. दोरा आला, वेढ्यावर वेढा बसत गेला, काठीचं टोक वाकलं आणि वाकलेलंच स्थिर राहिलं. उजवीकडच्या मुठीला हात पोचवायला निमाईबाबूंच्या अंगावरून जावं लागलं असतं. ही मूठ बरोबर हाताखाली होती.

"साहब ठीक बोला है," निमाईबाबू काठी न सोडता म्हणाले. "बायाँ ही चाहिए. लेकिन बगल में आदमी चाहिए. कौन बैठता है उनके दाहिने?"

चारुदत्त फिरवायचे थांबले.

थर्मास आणि आमिषाचा डबा नेहमी श्यामकांतांच्या डाव्या हाताला असे. उजवीकडे, लिंबाच्या सावलीत, एका माणसापुरती जागा उरे. सहा हिवाळे चारुदत्त तिथे बसले होते. तू तुझ्या नेहमीच्या जागेवर बस. पुस्तक जरा पातळसं आण.

"मैं," ते म्हणाले.

निमाईबाबूंना ऐकू गेलं नाही. त्यांनी कान पुढे केला.

"मैं बैठता हूँ."

निमाईबाबूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या उजव्या हाताकडे. तो अजून खिशात होता. ते हसतील असं चारुदत्तांना वाटलं. पण त्यांनी काठी तशीच धरून ठेवत म्हटलं, घाई नाही, हवं तर दोन दिवस विचार करा, दोन्ही रिळं बाजूला काढून ठेवतो.

"नाही," चारुदत्त म्हणाले. "हेच द्या." मग भान येऊन हिंदीतून पुन्हा म्हणाले.

खोक्यात घालण्याआधी त्यांनी निमाईबाबूंना एक विनंती केली. ती करताना त्यांचे कान तापले. काठी एकदा त्यांच्या हाती द्यावी, आणि पलीकडून ओढावी. जोरात. न सांगता. निमाईबाबूंनी दोनदा ओढली. पहिल्या वेळी बोटं उघडली. दुसऱ्या वेळी काठी अर्धी वीत घसरली आणि थांबली. तिसऱ्या वेळेआधी कोणी तरी जाळी घ्यायला दुकानात आलं, आणि चारुदत्तांनी अवघडून काठी परत दिली. तिसऱ्यांदा काय झालं असतं ते राहूनच गेलं.

पोस्टात गर्दी होती. खिडकीशेजारच्या फळीवर, दोरीने बांधलेल्या पेनाची शाई येईना म्हणून त्यांनी स्वतःचं काढलं. रिळाचं खोकं काखेत धरून त्यांनी बारावं उत्तर लिहिलं. ते कागदाच्या एका बाजूच्या निम्म्यात संपलं.

'प्रिय श्यामकांत, उशीर झाला. मूठ डावीकडची घेतली. तुझं बरोबर होतं, मला समजायला वेळ लागला. जागा एकच घेऊ. पुस्तक आणणार नाही. काठी मी धरीन बहुतेक. चारुदत्त.'

त्यांनी ते एकदा वाचलं, सवयीने दुसऱ्यांदा वाचलं. मग प्रुफात करत तशी 'बहुतेक'वर एक सरळ रेघ मारली, समासात काढून टाकायची खूण केली आणि पाकीट बंद केलं.

रांगेत त्यांच्यापुढे सहाजण होते. दोनदा त्यांनी पत्ता तपासला. एकदा वाटलं, घरी जाऊन रजनीला दाखवावं, उद्या टाकावं, उद्याही शनिवारच्या आत पोचेल. मागच्या बाईंनी त्यांना खिडकीकडे ढकललं.

कारकुनाने स्पीड पोस्टचा कागद चिकटवायला पाकिटाचं टोक धरलं आणि ओढलं. पाकीट आलं नाही. त्याने पुन्हा ओढलं, जरा जोरात. चारुदत्तांच्या उजव्या हाताची बोटं दुसऱ्या टोकावर मिटलेली होती, नखं पांढरी होईपर्यंत.

कारकुनाने मान वर केली.

"दादा," तो म्हणाला, "अब तो छोड़िए."

चारुदत्तांनी आपल्या बोटांकडे थोडा वेळ पाहिलं. मग सोडलं.