अकरा बायकांचा कर्ता पुरुष

"हळू ठिवा गं! मामांची मान लटकतीया."

चार बायकांनी बाज खांद्यावरून उतरवली आणि माझ्या टेबलापुढे ठेवली. बाजेवर धोंडप्पा होते. वय ऐंशीच्या पुढे, वजन दुष्काळाच्या मानाने ठीक. त्यांच्या सुनेने, शरणम्माने, त्यांचा अंगठा उचलला, शाईच्या पॅडवर टेकवला आणि हजेरीपटावर उमटवला. टोळीप्रमुख हजर. मग मुरमाच्या ढिगाआड ताडपत्रीच्या सावलीत बाज नेऊन ठेवली आणि टोळीतल्या अकराही जणी टोपल्या घेऊन तलावाच्या खड्ड्यात उतरल्या.

त्र्याहत्तर सालचा एप्रिल. जळकोटच्या पलीकडे पाझर तलावाचं दुष्काळी काम चाललं होतं आणि मी तिथे हजेरी कारकून होतो. आमच्या ओव्हरसियरने स्वतःच्या डोक्याने एक नियम काढला होता. प्रत्येक टोळीला प्रमुख हवा, तो पुरुष हवा आणि रोज जागेवर हवा. त्याने तिथे काय करायचं, याबद्दल नियम गप्प होता.

शरणम्माच्या टोळीतल्या बायकांचे नवरे कुणी ढोकीला कारखान्यावर, कुणी सोलापूरला, कुणी नुसतेच गेलेले. तिचा बंडप्पा दोन वर्षांपूर्वी बैल विकायला गेला होता. बैल विकले गेले, एवढं नक्की कळलं. अकरा घरांत मिळून एकच मोठा पुरुष उरला होता, आणि तो रोज दोन मैल कामावर येत होता. चौघींच्या खांद्यावर.

"सायेब, म्हातारा उनानं मरंल," शरणम्मा दर सोमवारी ओव्हरसियरला सांगायची. "त्यास्नी घरी ऱ्हाऊ द्या. टोळीम्होरं माझं नाव लिवा. काम म्याच करून घेते न्हवं?"

"काम तुम्हीच करून घेता, ते दिसतंय," ओव्हरसियर म्हणायचा. "प्रमुख कोण, हा प्रश्न वेगळा आहे."

त्याच महिन्यात गावच्या सोसायटीचा वर्धापनदिन आला. चेअरमन नानासाहेबांना वादविवादाची भारी हौस. विषय ठरला: 'स्त्रीने घराबाहेर पडावे काय?' अडचण एकच झाली. ऐकायला गावात बाई शिल्लक नव्हती, सगळ्या तलावावर. म्हणून वादविवादच तलावावर आणला. वक्त्यांना मंडप, श्रोत्यांना ऊन. दोनशे बायका टोपल्या पालथ्या घालून बसल्या. वक्त्यांचा चहा कुणी करायचा, यावर मात्र वाद झाला नाही.

सर्वांत वडीलधारे म्हणून धोंडप्पांना अध्यक्ष केलं. बाज उचलून मंडपात आणली. बायकांनीच.

सोसायटीचे सेक्रेटरी बाजूने बोलले. स्त्रीला बाहेर पडू द्यावे, पण सावकाश, पुढच्या पिढीपासून. हेडमास्तर विरुद्ध बोलले. स्त्री म्हणजे जाईची कळी, उन्हात आली की कोमेजते. जाईच्या कळ्यांनी पदराने मानेवरची धूळ पुसली.

"कुनाबद्दल बोलत्यात गं हे?" टोळीतल्या लक्ष्मम्माने विचारलं.

"आपल्याबद्दल न्हाय," शरणम्मा म्हणाली. "आपुन ऐकायला हाव."

मग ती उठली. थेट मंडपापाशी गेली.

"नानासायेब, बायांचं काय ठरवायचं ते तुमी निवांत ठरवा. पर माझ्या सासऱ्याला आदी घरी धाडा."

"बाई, विषयाला धरून बोला," नानासाहेब मायेने म्हणाले. "विषय घराबाहेर पडण्याचा आहे."

"तेच की! त्यास्नीच घराभाईर पडायचं न्हाय. आमी कवाच्या पडलाव."

बायका हसल्या. मंडपात कुणी हसलं नाही. ओव्हरसियरने घड्याळ बघितलं. नानासाहेबांनी अध्यक्षांपुढे माईक धरला.

धोंडप्पांना बोलायला वेळ लागला. "माझ्या सुनंचं, यव्वाचं नाव लिवा," ते म्हणाले. "म्या नुस्तं वझं हाय."

"अध्यक्षांच्या या विनयाबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत," नानासाहेब म्हणाले आणि टाळ्या झाल्या.

मत सोसायटीच्या सभासदांनाच होतं. सभासद पुरुषच होते. सतरा हात विरुद्ध चार. स्त्रीचे क्षेत्र घर, असा ठराव पास झाला आणि ओव्हरसियरने लगेच शिट्टी फुंकली.

"चला, उतरा खड्ड्यात! तास बुडालाय, भरून द्यायचा!"

हजेरीपट माझ्या मांडीवर होता, पेन खिशात होतं. प्रमुखाच्या रकान्यात शरणम्माचं नाव लिहायला माझा हात कुणी धरला नव्हता. मी चहा पीत होतो. चहा चांगला झाला होता.

सभेनंतर आठव्या दिवशी दुपारी शरणम्मा पाण्याचा तांब्या घेऊन ताडपत्रीखाली गेली आणि तांब्या तसाच घेऊन परत आली. माझ्यापुढे उभी राहिली. ओरडली नाही.

"तुमचा परमुख गेला," ती म्हणाली. "लिवा."

आमच्याकडे वीरशैव माणसाला शेवटीही आडवं नेत नाहीत. बांबूच्या विमानात बसवून नेतात. संध्याकाळी विमान तयार झालं. रोजच्या चौघी सवयीने पुढे झाल्या आणि वाकल्या.

"ए बायांनो, मागं!" नानासाहेब धावले. "बायका खांदा देत न्हाईत."

शरणम्मा वाकलेली सरळ झाली. "दोन महिनं कुनी दिला?"

"तवा ते जिते हुते."

"आन् जिता हुता तवा तुमी कुठं हुता, नानासायेब? खांदा द्यायला जित्याला बाया आन् मेल्याला गडी? कुठल्या सभेत ठरलं हे?"

"रीत हाय ती. वाद घालायची ही येळ हाय का?"

"न्हाय," ती म्हणाली. "वादाची येळ तुमीच ठरवता."

गावात उरलेले पुरुष पुढे आले. ठरावाला वर झालेले हात सगळे होते. विमान उचललं गेलं, पन्नास पावलांवर थांबलं, खांदे बदलले, पुन्हा निघालं. कुणाचं पाऊल कुणाला जुळत नव्हतं. मागून अकरा बायका रिकाम्या खांद्यांनी चालत होत्या.

ओव्हरसियर माझ्या कानाशी आला. "उद्यापासून ही टोळी बंद कर. पुरुष राहिला नाही."

"हो साहेब," मी म्हणालो.

ओढ्याच्या उतारावर विमान एका अंगाला कललं. धोंडप्पांचं मुंडासं सरकलं.

"डावीकडनं वर घ्या जरा!" शरणम्मा मागूनच म्हणाली. "तिकडचा गुडघा दुखतो त्यांचा."

डावीकडे नानासाहेब होते. त्यांनी मुकाट्याने खांदा वर घेतला.