एका धुराड्याचा पूल

मार्चातल्या त्या मंगळवारी टॅमरॅकच्या गावसभेचा सकाळचा पहिला तास पाटीवर गेला. गावाच्या वेशीवरची 'टॅमरॅक गावात आपलं स्वागत आहे' ही पाटी हिवाळ्यात बर्फ सारणाऱ्या ट्रकखाली आली होती आणि नवीन पाटीला रंगारी अक्षरागणिक पैसे मागत होता. ऑरिन बॅचेल्डर उभा राहिला. "गावात आलेल्याला आपण गावात आलोय हे दिसतंच," तो म्हणाला, "तेव्हा 'गावात' काढा. 'आपलं' कशाला? तो काय आपला लागतो? आणि स्वागत करायचं की नाही ते माणूस बघून ठरवू." उरलं 'टॅमरॅक आहे'. मग 'आहे'वर मतदान झालं आणि 'आहे'ही पडलं.

ऑरिन गावच्या करदाता संघाचा अध्यक्ष. आमच्याकडे, न्यू हॅम्पशर राज्यात, पगारावर कर नाही की खरेदीवर नाही. जो काही बसतो तो घरावर आणि जमिनीवर, आणि तो किती बसावा हे गावच वर्षातून एकदा शाळेच्या व्यायामशाळेत पिवळी कार्डं वर करून ठरवतं. तीसेक वर्षं ऑरिनने या व्यायामशाळेत गावाचा पैसा राखला होता. तलावाकाठच्या संडासाचं दार त्याने वाचवलं, म्हणजे ते बसूच दिलं नाही. गावाकडे पैसा का नाही याचा शोध घ्यायला तज्ज्ञ नेमायचा ठराव आला, तेव्हा 'पैसा नाही म्हणून तर तज्ज्ञही नाही' एवढं बोलून तो खाली बसला होता.

त्याचं सगळ्यात गाजलेलं हत्यार म्हणजे टाळं. सभेपुढच्या यादीतलं एखादं कलम हरलं, तरी सभा संपेपर्यंत त्याचा फेरविचार मागता येतो, आणि तो मागायचा हक्क फक्त जिंकलेल्या बाजूला असतो. फेरविचार एकदा फेटाळला गेला की ते कलम वर्षभर बंद. म्हणून ऑरिन काय करायचा, तर स्वतः जिंकला की लगेच उभा राहून, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता, "सभापती, मी फेरविचाराची मागणी करतो" म्हणायचा. मग त्याचा उजवा हात गॉर्डी लेक्लेअर आणि बाकीची त्याचीच माणसं ती मागणी हाणून पाडायची. लोकांना हा प्रकार इतका आवडे की तो उभा राहायच्या आतच मागून आरोळी येई, "टाळं ठोक, ऑरिन!" फेरविचारावर भाषण करायचं नाही हा नियमही त्याचाच. तेवढीच हॉल तापवायच्या तेलाची बचत.

पण त्या दिवशी अकरावं कलम होतं आणि ते खुद्द ऑरिनच्या दारातलं होतं.

सॉमिल रस्त्यावर ओढ्यावरचा लाकडी पूल. पलीकडे एकच घर, ते ऑरिनचं. पूल कुजला होता, त्यावर गाड्यांना बंदी आली होती, आणि दुरुस्ती झाली नाही तर उन्हाळ्याआधी तो पायी चालणाऱ्यांनाही बंद करू अशी सरकारी नोटीस खांबावर लागली होती. ऑरिनची बायको बेव्ह आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायची. हॉस्पिटलची व्हॅन पुलाअलीकडेच थांबे आणि बेव्ह काठी टेकत बर्फावरून चालत तिथवर जाई. जानेवारीत ती पुलावर घसरून पडली आणि मनगट मोडलं. पूल झाला नाही तर तिला अ‍ॅशबी फॉल्सला, बहिणीकडे, कायमचं जावं लागणार होतं. डॉक्टरांनी तसं स्वच्छ सांगितलं होतं.

"आज एकच काम कर," सकाळी ऑरिनकडून बुटांच्या नाड्या बांधून घेताना बेव्ह म्हणाली होती. "अकराव्या कलमाला तोंड उघडू नकोस."

"मी गप्प बसलो तर गॉर्डीला शंका येईल."

"येऊ दे."

"अगं, ज्या रस्त्याला एक धुराडं, म्हणजे एकच घर, त्याला पैसा नाही, हे माझंच म्हणणं आहे! गॉर्डीच्या आत्याचा रस्ता मीच बंद पाडला. त्याने स्वतःच्या आत्याविरुद्ध कार्ड उचललं, माझ्या शब्दावर."

"ऑरिन, मी तुला पुलाच्या बाजूने बोल म्हणत नाहीये. ते तुला झेपायचं नाही. नुसता गप्प बस. कॉनीने माणसं मोजलीत. काठावर का होईना, पूल होतोय."

कॉनी थिबोडो म्हणजे गावच्या पंचांची प्रमुख आणि ऑरिनची जन्माची वैरीण. गावाला वाचनालयाचं छप्पर असावं, दिवे असावेत, बाकं असावीत असली तिची खर्चिक मतं. ऑरिन जे म्हणेल त्याच्या उलट कार्ड वर करायचं एवढा एकच नियम तिच्या बाजूची माणसं पाळत. गेल्या वर्षी ऑरिन सहज म्हणाला, यंदा उन्हाळा बरा गेला, तर तिच्याकडच्या तिघांनी हरकत नोंदवली होती.

आणि नेमकं हेच ऑरिनच्या डोक्यात शिरलं. दुपारच्या जेवणाला सगळे घेवडा आणि हॅमवर तुटून पडले होते, तेव्हा तो एकटाच भिंतीला टेकून हिशेब करत होता. गप्प बसावं तर आपली माणसं बिथरणार आणि विरोधात जाणार. कॉनीचं काठावरचं बहुमत म्हणजे दोघं जण संडासला गेले की संपलं. त्यापेक्षा आपण पुलाविरुद्ध असं बोलावं, असं बोलावं, की कॉनीच्या बाजूचं एकूण एक माणूस चवताळून पुलाच्या बाजूने उभं राहील. कुंपणावरचेही तिकडे जातील. तत्त्वही राहील, पूलही होईल आणि बेव्हही घरीच राहील. आपल्याच हुशारीवर तो असा खूश झाला की त्याने अ‍ॅपल पायचा दुसरा तुकडा घेतला.

"अकरावं कलम," सभापती एमरी ड्वायर म्हणाला. एमरीचा धंदा अंत्यविधीचा, त्यामुळे कलम कोणतंही असो, तो ते हळुवार वाचायचा. "सॉमिल रस्त्याचा पूल. कोणाला काही बोलायचंय?"

व्यायामशाळेला लागून असलेल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बेव्ह उभी होती. तिने ऑरिनकडे पाहून मान हलवली. नको.

ऑरिन उभा राहिला.

"पुलापलीकडे कोण राहतं?" त्याने विचारलं. "एक म्हातारा. त्याने या गावाला काय दिलं? तुम्हीच आठवा, मला तर काही आठवत नाही. तुमच्या पोरांच्या खेळाच्या मैदानाला त्याने नाही म्हटलं. तुमच्या रस्त्यावरच्या दिव्याला नाही म्हटलं. अंधारात तुमची आई गटारात पडली, मार्टिन, तेव्हा तो म्हणाला, कंदील घ्यायला हवा होता. असल्या माणसाला पूल?"

हॉलमध्ये कोणी खोकेना. ऑरिनला वाटलं, लागतंय, अजून जोर हवा.

"त्याच्या घराचं छप्पर गळतं. त्याच्याकडे वर्षभरात पाहुणा येत नाही. खरं सांगतो, मी तिथे राहत नसतो तर मीसुद्धा तिकडे फिरकलो नसतो! म्हातारा ओढा पोहून जाईल, नाहीतर पलीकडेच मरेल. दोन्हींत गावाचा पैसा वाचतो." त्याचा आवाज चढला. इतकं छान तो आयुष्यात कधी बोलला नव्हता आणि ते त्यालाही कळत होतं. इथे थांबायला हवं होतं, पण बोलण्याची नशा वाईट. "आणि बायकोचं म्हणाल, तर तिला अ‍ॅशबी फॉल्सला बहीण आहे. बहिणीकडे रिकामी खोली आहे. ज्या बाईला जायला जागा आहे, तिच्यासाठी पूल बांधायचा?"

तो धापा टाकत खाली बसला आणि कॉनीकडे पाहू लागला. आता ही उठेल. आता ही पेटेल.

कॉनी उठली. तिचे डोळे भरून आले होते.

"तीस वर्षं," ती म्हणाली, "मी या माणसाला स्वार्थी समजत आले. कॉफीला भेटलं की मी सगळ्यांना सांगायचे, स्वतःच्या दारात आलं की बघा हा कसा वळतो ते." तिने नाक पुसलं. "चुकले मी, ऑरिन. स्वतःचा पूल, स्वतःची बायको, काही काही मधे येऊ दिलं नाहीस तू. मला अजून तुझं एकही मत पटत नाही, पण आज तुझ्या शब्दाबाहेर जायची माझी छाती नाही. मी विरोधात कार्ड उचलणार आहे, आणि माझ्या लोकांनाही तेच सांगते."

"अगं नको!" ऑरिन ओरडला.

"बघा, अजूनही मोठेपणा नको त्याला," कॉनी म्हणाली.

"बाजूने?" एमरीने हळुवार विचारलं.

एकच कार्ड वर गेलं. ते प्लास्टर घातलेल्या हातात होतं.

"विरोधात?"

सगळा हॉल पिवळा झाला. ऑरिनचं स्वतःचं कार्डही हवेत होतं. सवयीने वर गेलेला हात खाली घ्यायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. गॉर्डी त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "लेका, माझी आत्या आज हवी होती रे ऐकायला! तिला तुझ्याविषयी उगाच राग आहे."

गॉर्डीची थाप पडली तेव्हा कुठे त्याने तो खाली ओढला. पण तीस वर्षांच्या सभा उगाच नव्हत्या काढल्या. मार्ग होता. तो जिंकलेल्या बाजूचा होता. तो ताडकन उभा राहिला.

"सभापती, मी फेरविचाराची मागणी करतो."

हॉल हास्याने फुटला. खुर्च्या वाजल्या, कोणी शिट्टी मारली. "टाळं! टाळं!"

"अरे नाही, मी खरंच म्हणतोय!"

"दर वेळी असंच तोंड करतो हा!" गॉर्डी हसून हसून डोळे पुसत होता. "काय नट आहे लेकाचा!"

"गॉर्डी, ऐक. मला पूल हवाय. मला हवाय पूल!"

आता तर लोक पोट धरून हसायला लागले. मार्टिन, ज्याची आई गटारात पडली होती, तोही हसत होता. एमरीने लाकडी हातोडा हलकेच आपटला. "ऑरिन, फेरविचारावर भाषण नाही."

"तो नियम मूर्खपणाचा आहे!"

"नियम तुझा आहे," एमरी म्हणाला. "बाजूने?"

ऑरिनने दोन्ही हात वर केले. त्याने खिडकीकडे पाहिलं. बेव्हने या वेळी कार्ड उचललं नाही. ती कोट घालत होती.

"विरोधात? मागणी फेटाळली. अकरावं कलम बंद."

त्यानंतर कॉनीने ऐनवेळचा प्रस्ताव मांडला, ऑरिनच्या नावाची लाकडी पाटी व्यायामशाळेत लावायचा. 'स्वतःआधी गावाचा विचार करणारे थोर करदाते श्री. ऑरिन बॅचेल्डर यांस कृतज्ञ टॅमरॅक ग्रामस्थांकडून सप्रेम' एवढा मजकूर. एकही अक्षर कापायला कोणी तयार होईना. ऑरिन नाही नाही म्हणत राहिला आणि जितकं नाही म्हणाला तितक्या टाळ्या पडल्या. तो टाळ्यांतूनच बाहेर पळाला.

बेव्ह गाडीत बसली होती. पुलाअलीकडे त्याने गाडी उभी केली आणि तिचा कोपर धरून तिला पलीकडे नेलं. मधल्या फळ्या पायाखाली दबत होत्या.

घरी आल्यावर तिने पलंगावर बॅग उघडली आणि एका हाताने कपडे भरायला लागली. ऑरिन दारात उभा राहिला.

"माझा डाव होता," तो म्हणाला. "मला वाटलं, कॉनी उलटी जाईल."

"माहीत आहे मला. तीन वाक्यांत कळलं होतं."

"मग?"

"मग काय? मी म्हटलं होतं, गप्प बस." तिने स्वेटर घडी घालायचा प्रयत्न केला, जमला नाही, तसाच कोंबला. "बहिणीकडची खोली तुझ्या तोंडून ऐकायची नव्हती रे मला. सगळ्या गावासमोर."

ऑरिनने पुढे होऊन स्वेटर काढला, घडी घातली आणि परत ठेवला. घडी वाकडीच होती.

"चुकलो मी," तो म्हणाला. "मी पण येतो."

"कुठे?"

"तुझ्याबरोबर. अ‍ॅशबी फॉल्सला."

बेव्ह पलंगाच्या कडेला बसली. "तिथे दोन वाचनालयं आहेत, ऑरिन."

"ऐकलंय."

"बर्फ साचू नये म्हणून फुटपाथ खालून गरम करतात. चौकात कारंजं आहे, त्याचं पाणी रात्री रंग बदलतं. गेल्या वर्षी त्यांनी बदकांसाठी जिना बांधला."

ऑरिनने डोळे मिटून घेतले.

"आणि बहिणीकडे खोली एकाचीच आहे," ती म्हणाली. "आपल्याला घर घ्यावं लागेल. तिथे घरावरचा कर इथल्या तिप्पट आहे. दरवर्षी. त्या बदकांसकट."

मग त्याने कपाटाच्या तळातून आपली बॅग ओढली आणि तिच्यावरची धूळ झटकली.

"भरीन," तो म्हणाला.

बेव्हने मान वळवून दाराकडे पाहिलं, आणखी कोणी आलंय का म्हणून.