पिवळ्या पानाचं मीठ

कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण जपानच्या इरिओमोते बेटावर एका माणसाने उभा जन्म झाडाच्या पानांना मीठ चोळलं आणि झाडाला शेवटपर्यंत त्याचा पत्ता लागला नाही. थाप वाटत असेल तर खाडीतल्या खेकड्यांना विचारा. गळलेली ती पानं खाऊन त्यांना इतकी तहान लागे, की गोड्या पाण्यासाठी ते नदी चढून धबधब्यापर्यंत जात आणि पोटं तट्ट फुगवून परत येत.

त्या माणसाचं नाव माएमोरी झेन्शो. पर्यटकांना होडीतून खारफुटीत फिरवून आणायचं हा त्याचा धंदा. होडी मुळांच्या गुंत्यात शिरली की तो वल्हं आडवं ठेवी, हिरव्यागार फांदीवरचं एकुलतं पिवळं पान दाखवी आणि आवाज अगदी खाली आणून सांगे, "झाडाच्या पायाशी खारं पाणी. ते मीठ अंगात भिनलं तर अख्खं झाड मरेल. मग एक पान पुढं होतं. सगळ्यांच्या वाटचं मीठ एकटं पितं, पिवळं पडतं आणि गळून जातं. बाकीची हिरवी राहतात ती त्याच्या जिवावर. पटत नाही? चाटून बघा."

लोक चाटत. पान खारट लागे. लागणारच, झेन्शोने सकाळीच त्याला मिठाचं पाणी फासलेलं असे. बायका रुमाल काढत, पुरुष उगाच दुसरीकडे बघत.

ही गोष्ट खरी कुणाची, ते एकट्या हात्सुएला ठाऊक होतं. ती त्याची धाकटी बहीण. बाप मासेमारीला गेला आणि परतला नाही, तेव्हा दोघंही शाळेत जात होती आणि घरातून एकालाच पुढं शिकवणं शक्य होतं. झेन्शोने दप्तर खुंटीला टांगलं आणि होडी घेतली. हात्सुए नाहा शहरात गेली, शिकली, खारफुटीच्या रसायनांवर विद्यापीठात शिकवू लागली. झेन्शोने त्याबद्दल तिच्यापाशी कधी चकार शब्द काढला नाही. तो आपला पर्यटकांना पानाची गोष्ट सांगत राहिला.

म्हातारपणी त्याची मूत्रपिंडं निकामी झाली. दिवसाआड बोटीने शेजारच्या इशिगाकी बेटावरच्या दवाखान्यात जाऊन रक्त धुऊन घ्यायचं, आणि मीठ बंद. मिसोची खारट आमटी बंद, लोणचं बंद, सुक्या मासळीकडे नुसतं बघायचं. तोंडावर पिवळी कळा आली. पुढंपुढं तर तो बोटीची वेळ झाली की घराच्या मागच्या बाजूला जाऊन बसू लागला.

त्या हिवाळ्यात हात्सुए नेमकी पिवळी पानं तपासायला बेटावर आली. होडी अर्थात झेन्शोनेच काढली.

"आता माझ्या पानाची चौकशी होणार म्हणायची! झाडाची परवानगी घेतलीस का, प्रोफेसरीणबाई?"

"तू बोटीला दांड्या मारतोस म्हणे, दादा."

"मी कुठला? बोटच मला बघून तोंड फिरवते."

"थापा नकोत. मरशील अशानं."

झेन्शोने वल्हं आडवं ठेवलं. "बरं, सौदा करू. पान खारट निघालं तर मी मुकाट्याने इशिगाकीला जाईन. जन्मभर कशापायी पिवळा पडलो ते तरी कळेल."

"आणि नाही निघालं तर?"

"तर पान आपलं पान. गळेल तेव्हा गळेल."

खोटं बोलणं हात्सुएला लहानपणापासून जमत नसे. पत्ते खेळतानासुद्धा हातातली पानं तिच्या चेहऱ्यावर दिसत. "मला वाटतं, दादा, ते नुसतं म्हातारं झालेलं पान असतं. गळायच्या आधी झाड त्यातलं कामाचं तेवढं परत ओढून घेतं. मग देठ सोडून देतं."

"झाड आहे की सरकार?" झेन्शो हसला आणि त्याने पुन्हा वल्हं उचललं.

ती गुडघाभर चिखलात हिरवी पानं तोडत होती, तेवढ्यात त्याने पिवळ्या पानांच्या पिशवीत हात घातला आणि कमरेच्या पुडीतलं मीठ एकेका पानाला मन लावून चोळलं. धक्क्यावर आल्याआल्या हात्सुएने बादलीभर गोडं पाणी घेतलं आणि सगळी पानं धुवायला बसली.

"हे गं काय?"

"वरचं मीठ काढते. खाडीचे शिंतोडे उडतात," मान वर न करता ती म्हणाली, "शिवाय काही काही लोक हातानंही लावतात."

झेन्शोला हसता हसता ठसका लागला. ती पिशव्या घेऊन नाहाला गेली. बादलीच्या तळाशी दोन पानं राहिली होती, एक पिवळं, एक हिरवं. त्याने दोन्ही चावून बघितली. बिनमिठाच्या जेवणाने त्याची जीभ इतकी तल्लख झाली होती, की शेजारीण भाजीत मीठ घाली आणि ते त्याला कुंपणापलीकडून कळे. दोन्ही पानं सारखीच लागली. पण आयुष्यभर थापा मारलेल्या जिभेवर विसंबायचं कसं? हात्सुएच्या प्रयोगशाळेतलं यंत्र काय म्हणतं ते ऐकू, असं म्हणून तो वाट बघत राहिला. बोटी येत होत्या, जात होत्या. त्याचे पाय सुजले, मग श्वास पुरेना.

हात्सुए परत आली तेव्हा झिमझिम लागली होती. ओसरीवर उशीला टेकून बसलेल्या भावाला तिने दारातून एकदाच बघितलं, आत जाऊन त्याचे कपडे पिशवीत भरले आणि पिशवी उंबऱ्यावर आणून ठेवली. मग त्याच्याजवळ बसली. धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला.

"निघालं, दादा," आवाज अगदी खाली आणून ती म्हणाली. "सगळ्यांच्या वाटचं मीठ त्या एकट्या पानात होतं. हिरव्याच्या तिप्पट. चल, ऊठ."

"तिप्पट?"

"तिप्पट."

"धुतल्यावर?"

"धुतल्यावर."

झेन्शो तिच्याकडे बघत राहिला. पत्ते अजूनही तिच्या चेहऱ्यावर दिसत होते.

"खोटं!" असं म्हणत त्याने उठायला तिच्या खांद्याचा आधार घेतला. "आणि बोलायचंच होतं तर दुप्पट म्हणायचंस, वेडे. तिप्पट कोण मानेल?"