रील फिरी नही ऱ्हायनी

मी एक फिल्मचा कॅमेरा बोलतोय. आवाज कोंदट वाटला तर माफ करा, मी पापडाच्या डब्यातून बोलतोय. शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यात, रतिलाल पाटलांच्या घरी, लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात हा डबा असतो. त्याचं झाकण घट्ट बसतं आणि आत ओल शिरत नाही, म्हणून रतिलालबापूंच्या मुलाने, ललितने, तो आईकडून माझ्यासाठी पळवला. ललित कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. पापड आता पिशवीत राहतात आणि सादळतात. त्यापायी त्याची आई रंजनाबाई माझ्याकडे वाकड्या नजरेने बघतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकत नाही.

माझा जन्म जपानचा. चाळीस वर्षं होऊन गेली. कारखान्यातल्या माणसाने शेवटचा स्क्रू पिळला, मला कानाशी धरून कळ दाबली, माझा आवाज ऐकला आणि समाधानाने मान डोलावली. मला वाटलं, आता जग बघायला मिळणार. बघायला मिळालं ते बँकेचं लॉकर. माझे पहिले मालक सुरतचे डॉक्टर. इतकी भारी वस्तू वापरली तर खराब होईल, म्हणून त्यांनी मला दागिन्यांशेजारी ठेवलं. दागिने निदान लग्नसराईत तरी बाहेर जायचे. दुसरे मालक नाशिकचे बिल्डर, त्यांनी काचेच्या कपाटात मांडलं. तिसरे पुण्याचे संगणकवाले. त्यांनी मला खोक्यातून बाहेर काढतानाचा व्हिडिओ केला आणि व्हिडिओ संपल्याबरोबर पुन्हा खोक्यात घातलं.

प्रत्येक घरून निघताना माझी एकच तारीफ झाली, 'मिंट कंडिशन'. म्हणजे नव्यासारखा, न वापरलेला. ललितने मला घरी आणलं तेव्हा त्यानेही हेच अभिमानाने सांगितलं. रतिलालबापूंनी मला उलटंपालटं करून नाकाशी नेलं.

"मिंट म्हंजे पुदिना ना रे भो? याले तं वासबी येत नही."

या हौशी मंडळींचं मला राहून राहून नवल वाटतं. त्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. कोणाची काच सरस, कोणाचं चामडं अस्सल, यावर तिथे सकाळपासून हमरीतुमरी चालते. एक कॅमेरा आला की नव्याचे नऊ दिवस, दहाव्या दिवशी दुसऱ्याचा शोध सुरू. फिल्मचा रोल मात्र महाग, म्हणून तो जपायचा. ललितचे दोन रोल वर्षभर फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे पडून होते. फोटो काढायचा झाला तर मोबाईल आहेच. मोबाईलने माझेच फोटो काढतात! माझे फोटो हजारोंनी असतील, मी काढलेला एकही नाही. गिऱ्हाईकं येतात, मला फिरवून बघतात, आवाज ऐकतात, चहा पितात आणि "कळवतो" म्हणून जातात. मी आपला गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला.

मग रुपाचं लग्न ठरलं. रुपा ललितची धाकटी बहीण. मुलगा बारडोलीचा, साखरपुडा शहाद्याच्या हॉलमध्ये. आदल्या दिवशी ती ललितजवळ येऊन बसली.

"दादा, माले आईना एक फोटो जोयजे. बिगर हातना."

याचा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता. रंजनाबाईंसमोर कोणी मोबाईल धरला की त्या "नको वं माय" म्हणत तळहात आडवा धरतात. ज्योतिषाला नुसते पाठवले तरी भविष्य सांगेल, इतके त्यांच्या तळहाताचे फोटो आहेत. चेहऱ्याचा एक नाही. रुपा आता आईला सोडून परमुलखात निघाली होती आणि सोबत न्यायला तिच्याकडे आईचा हात होता फक्त. मला फार वाईट वाटलं. ललितलाही वाटलं असावं, कारण त्याने उठून फ्रिज उघडला आणि लोणच्यामागून एक रोल काढला. चाळीस वर्षांनी माझ्या पोटात अन्न पडलं!

साखरपुड्यात ललितने मोठ्याने बजावलं, "रोलमा छत्तीसच फोटो शेतस. हालू नका कोनी." त्या एका वाक्याने हॉलचा नूर पालटला. मोबाईलपुढे वेडीवाकडी तोंडं करणारी पोरं ताठ झाली. रतिलालबापूंनी पोट आत ओढलं आणि फोटो होईपर्यंत श्वास सोडला नाही. आणि रुपाच्या विनवणीवरून रंजनाबाई हात खाली ठेवून उभ्या राहिल्या. ललितने दोनदा कळ दाबली. तेवढ्यात त्या डोळे बारीक करून माझ्या डोक्याकडे बघू लागल्या.

"ललित, तुन्ही रील फिरी नही ऱ्हायनी."

"आई, रील मोबाईलवर बनस. हाऊ फोटोना कॅमेरा शे!"

सगळा हॉल हसला, बारडोलीची पाहुणेमंडळीसुद्धा. रंजनाबाई ओशाळल्या, पदर सावरला आणि पंगतीकडे निघून गेल्या.

माझी अवस्था काय सांगू? त्या खरं बोलत होत्या. माझ्या डोक्यावर डाव्या बाजूला एक छोटी चक्री आहे. आत फिल्म नीट अडकली असेल तर प्रत्येक फोटोनंतर दांडी ओढताना ती फिरते. ललितने घाईत रोल भरला होता. फिल्मचं टोक निसटलं होतं, आणि वरचा आकडा मात्र एक, दोन, तीन करत बिनदिक्कत पुढे चालला होता. मला ओरडून सांगायचं होतं, पण मला एकच शब्द येतो, खटक. तो मी छत्तीस वेळा म्हणालो.

आठ दिवसांनी पुण्याच्या लॅबमधून निरोप आला, की रोल कोरा आहे. ललितने रुपाला सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. "राहू दे, दादा," एवढंच म्हणाली आणि मागच्या दारी जाऊन रडली. लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. ललितने मग खापर माझ्यावर फोडलं. नाचता येईना, अंगण वाकडं! ग्रुपवर माझी जाहिरात पडली, मिंट कंडिशन. धुळ्याचा भाग्येश रविवारी बघायला येणार होता.

रविवारी ललित मला फडक्याने पुसत होता. शेजारी रंजनाबाई मशीनवर रुपाचे ब्लाऊज शिवत होत्या. पाय न थांबवता म्हणाल्या, "मी तं तवयच सांगं व्हतं तुले."

"काय सांगं?"

त्यांनी मशीन थांबवलं. मशीनच्या डोक्यावरच्या दोऱ्याच्या रिळावर बोट ठेवलं. "हाई रील फिरनी नही, तं टाका पडस का?"

ललितने रिळाकडे बघितलं, मग माझ्या चक्रीकडे. पदार्थविज्ञानाच्या मास्तराने कपाळावर हात मारून घेतला. मग धावत जाऊन फ्रिजमधला उरलेला रोल घेऊन आला.

"टोक नीट आडकाड आधी," म्हणत रंजनाबाईंनी तो हातातून काढूनच घेतला. तीस वर्षं सुईत दोरा ओवणारी बोटं ती! फिल्मचं टोक खाचेत बसवलं, ओढून खात्री केली, माझं दार लावलं. "आते वढ." आणि गुडघ्यावर दोन्ही हात टेकून, वाकून, त्या माझ्या चक्रीवर डोळे रोखून बसल्या. ललितने दांडी ओढली. चक्री गरकन फिरली.

"फिरनी, फिरनी!"

आणि ललितने कळ दाबली.

दुपारी भाग्येश आला. माझ्या आकड्याकडे बघून त्याचा चेहरा पडला. "भो, रोल टाका का यामा? मंग मिंट कसा ऱ्हायना हाऊ?" चहा पिऊन तो जो गेला तो गेलाच. ग्रुपवर माझी किंमत पडली, आणि मला जन्मात एवढं हलकं वाटलं नव्हतं. उरलेल्या रोलवर गल्लीतल्या बायका आल्या, केळीच्या घडाशेजारी बापू आले, हसणारी रुपा आली. तुमच्याही कपाटात माझा कोणी भाऊबंद जपून ठेवलेला असेल, तर हात जोडतो, त्याला थोडा खराब होऊ द्या.

लग्नाला चार दिवस असताना पुण्याहून पाकीट आलं. रुपाने फोटो काढून हातात धरला. आई वाकलेली, चष्मा नाकावर घसरलेला, गळ्यात मापाची टेप, तोंड अर्धवट उघडं, डोळ्यांत लहान पोरीसारखा आनंद. रुपाचे डोळे भरून आले. रतिलालबापू तिच्या खांद्यावरून वाकून बघत रंजनाबाईंना म्हणाले, "अशी तं तू लगीनमा बी दिसनी नही व्हती."

"दखू, काय शे?" म्हणत रंजनाबाई डोकावल्या. स्वतःचा चेहरा दिसताच "नको वं माय!" म्हणाल्या आणि त्यांनी फोटोवर झटकन तळहात ठेवला. पण या खेपेला त्यांना उशीर झाला होता.