महिला बातमीदार : एक

फोनवर तियामिकेचं नाव दिसलं तशी अनघाने सोलायला घेतलेली मटाराची शेंग खाली ठेवली. सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये शनिवारची दुपार होती. मलावीत सकाळ असणार.

"बोल गं. रेडिओ केंद्र कसं चाललंय?"

"मी केंद्र सोडलं, मॅडम. तुमचा अहवाल इथे पोचला."

तळ्याकाठच्या त्या छोट्या केंद्राला अनघाची संस्था सिंगापूरहून तीन वर्षं मदत करत होती. बातमीदारी शिकवायला अनघा स्वतः दोनदा तिथे राहून आली होती. मदत देणाऱ्यांना अहवालात एखादी यशोगाथा लागते, त्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. अनघाने तियामिकेची दिली. वाळूचोरांचं बिंग निनावी बातमीतून फोडणारी धाडसी बाई. नाव बदललं, फोटो टाळला. अनघा काही दूधखुळी नव्हती. शेवटच्या पानावर मात्र केंद्रातल्या माणसांचा नेहमीचा तक्ता होता. त्यात एक ओळ होती : महिला बातमीदार, एक.

वाळूवाल्यांना तेवढं पुरलं.

"घर जाळलं," तियामिके म्हणाली. "मुलं वाचली. मी बातमीदार नव्हतेच, असं तुमच्या संस्थेने लिहून दिलं तर गावचे लोक परत घेऊ म्हणतात."

"यावर विश्वास कोण ठेवेल?"

"कुणीच नाही. पण त्यांना कागद हवाय."

तिचा नवरा सुबोध दारात येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"ऑफिसला न विचारता लेटरहेड वापरू नकोस, अनघा."

"अहवाल विचारूनच पाठवला होता रे."

तिच्यापुढची मटाराची परात उचलून त्याने ओट्यावर नेऊन ठेवली.

अनघाने लॅपटॉप उघडला. तियामिके केंद्रावर साफसफाईला येत असे. बातम्यांशी तिचा संबंध नव्हता. एवढी दोन वाक्यं लिहायला तिला अर्धा तास लागला. तिला स्वतःची शरम वाटत होती. एवढ्या वर्षांत हाती लागलेली ही एकच पोर अशी होती, जिला शिकवावं लागलं नव्हतं, नुसती वाट दाखवावी लागली होती. तिने पत्र पाठवून दिलं.

दोन मिनिटांत उत्तर आलं.

"साफसफाईला कधीपासून कधीपर्यंत येत होते, ते राहिलंय, मॅडम. तारखा नसलेला मजकूर पुढे पाठवायचा नाही, तुम्हीच शिकवलंत."

अनघाने तारखा घातल्या. मग मात्र तिला रडू आवरेना.